बॅगेसकट

"लवकर वाच. हात तुटले माझे."

ती वजनकाट्यावर उभी होती, मोठी बॅग दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळून. नवरा बाथरूमच्या फरशीवर उकिडवा बसून तबकडीवरची सुई निरखत होता. एकदाचा त्याने आकडा सांगितला. तिने मनातल्या मनात त्यातून आपलं वजन वजा केलं आणि बॅग धाडकन खाली ठेवली.

"दोन किलो जास्त. आता यातून काय काढू, माझं डोकं?"

नुसती बॅग काट्यावर ठेवून भागत नसे, तिच्याखाली आकडाच झाकला जायचा. म्हणून माणसाने बॅगेसकट उभं राहायचं आणि मग माणूस वजा करायचा, ही त्यांची पद्धत. गावी जायच्या दिवशी दर वेळी यावरून दोघांची जुंपायची. आज नवरा सकाळपासून म्हणत होता, "मी उचलतो ना बॅग, तू आकडा वाच." तिने साफ नकार दिला होता. "तुझी कंबर धरली, तर विमानात तुला कोण उचलून नेणार?"

कंबर हे निमित्त होतं.

वजन उतरवायचं दोघांनी मिळून ठरवलं होतं. परक्या देशात कौतुक करायला सासर नाही आणि नावं ठेवायला शेजार नाही. जे काय करायचं ते एकमेकांनीच. काटा जुना, आधीच्या भाडेकरूने मागे टाकलेला. त्यावर उभं राहिलं की दोघांनाही आपल्या पोटापलीकडचं काही दिसत नसे, आणि वाकून बघावं तर सुई नाचायची. म्हणून दर रविवारी तिचा आकडा तो वाचायचा आणि त्याचा ती.

सुरुवातीला तिने खरं सांगितलं. नवऱ्याने दिवसभर तोंड पाडलं आणि संध्याकाळी त्या दुःखात बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. पुढच्या रविवारी तिने आकडा जरा कमी सांगितला. गडी एवढा खूश झाला की भर थंडीत कानटोपी घालून फिरायला गेला. मग काय, दर रविवारी ती थोडं थोडं कमी करत गेली. आता ते खोटं कुठवर पोचलं होतं, तिचं तिलाही आठवत नव्हतं. असल्या माणसाला बॅग देऊन काट्यावर चढवायचं आणि वजा काय करायचं, कपाळ?

तिचं स्वतःचं मात्र झपाट्याने उतरत होतं. नवरा आकडा वाचून "शाब्बास" म्हणायचा, आणि ती एक शाब्बासकी तिला आठवडाभर पुरायची. कपडे काही सैल होत नव्हते. त्याचं खापर तिने कपडे वाळवायच्या मशीनवर फोडलं होतं. मागच्या खेपेला नणंदेने दारातच म्हटलं होतं, "तिकडची हवा मानवली हं तुला." यंदा त्याच दारात उभं राहून तिला नणंदेचं तोंड बघायचं होतं.

पण आधी ही बॅग. आतली एकेक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या नावाची होती. दिराचं घड्याळ काढलं तर दीर रुसणार, भाचीचे रंग काढले तर भाची. शेवटी तिने आईसाठी घेतलेलं ब्लँकेट बाहेर ओढलं. जांभळं, मऊ, कडेने झालर असलेलं. आजारपणानंतर आईला थंडी सोसत नव्हती, म्हणून चार दुकानं पालथी घालून आणलेलं. आई तेवढी रुसणार नव्हती. ते मांडीवर घेऊन ती बसून राहिली, आणि तिला रडूच आलं.

"राहू दे ना ते," नवरा पुटपुटला. "बसेल वजनात."

"बसेल म्हणजे? मला काय वजाबाकी येत नाही?"

ब्लँकेट पलंगावर टाकून ती अंघोळीला निघून गेली. जाता जाता एवढंच म्हणाली, "चेन तेवढी लाव."

विमानतळावर त्यांचा नंबर आला. नवऱ्याने बॅग पट्ट्यावर चढवली, आणि चेनच्या टोकातून जांभळी झालर बाहेर डोकावली.

"हे आत कुणी कोंबलं? आता सगळ्यांसमोर बॅग उघडायला लावतील."

नवरा छताकडे बघत राहिला. काउंटरवरच्या बाईने आकड्यावर नजर टाकली, बॅगेला चिठ्ठी अडकवली आणि बॅग पुढे ढकलली. हू की चू नाही. तिने मान वाकडी करून आकडा पाहिला. मर्यादेच्या आत. तोही ब्लँकेटसकट.

तिने पुन्हा वजाबाकी केली. बॅग तीच, ब्लँकेट तेच. इथला काटा तर खोटं बोलणार नाही. मग चुकीचं असायला एकच गोष्ट उरत होती.

"माझं वजन," ती सावकाश म्हणाली. "माझं वजन तू खोटं सांगत होतास."

"बॅगेसकटचा आकडा तरी खरा सांगायलाच हवा होता ना," तो खाली बघत म्हणाला.

तिचा ताबा सुटला. "इतके महिने मी फोनवर सगळ्यांना सांगत सुटले. आता नणंदेसमोर कुठल्या तोंडाने उभी राहू? आईचं ब्लँकेट काढताना मी रडत होते, तेव्हाही खरं सांगितलं नाहीस. एक आकडा तर वाचायचा होता, तोही खरा वाचता आला नाही तुला?"

नवऱ्याने तिच्या खांद्यावरची पर्स काढून आपल्या खांद्याला लावली.

"सकाळी तू मला बॅग घेऊन काट्यावर चढू दिलं नाहीस ना," तो म्हणाला, "तेव्हाच मला माझं वजन कळलं."