हुंकाराची जागा

"क्रिक?" आजींनी विचारलं.

कुणीच काही बोललं नाही. नादेजनं ओठांवर बोट ठेवलं होतं. तिचा मित्र एबो कानांवर हेडफोन दाबून बसला होता. दाराशी उभ्या प्रतिमानं श्वाससुद्धा रोखून धरला होता. जर्सी सिटीतल्या बाराव्या मजल्यावरच्या तिच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात शांत जागा म्हणजे हे कपड्यांचं कपाट, चांगलं खोलीएवढं. दोन्ही बाजूंना साड्या टांगलेल्या, त्यामुळे आवाज घुमत नाही, म्हणून वरच्या मजल्यावरच्या नादेजनं रेकॉर्डिंगसाठी हट्टानं तेच मागून घेतलं होतं. मधोमध स्टुलावर तिची आजी, समोर माइक.

आजींनी वाट पाहिली आणि ओठ मिटून घेतले. मघापासून हेच चाललं होतं.

"ग्रान, सांग ना गं! उद्या तुझी मायामीची फ्लाइट आहे."

"कुणाला सांगू?" आजी म्हणाल्या. "या लुगड्यांना?"

आजी हैतीच्या भाषेत बोलायच्या, नादेज त्याचं इंग्रजी करून सांगायची. हे सांगताना मात्र तिचा चेहरा रडवेला झाला. एबोचे आईवडील घानाचे. तो आणि नादेज मिळून घरच्या घरी सीडी काढायचे. आफ्रिकेतून जगभर पांगलेल्या घरांमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी, त्यांच्याच आवाजात. मागे कंपनी नाही, स्टुडिओ नाही. पाकिटात घालून घानातल्या अक्राला, ब्राझीलमधल्या बाहियाला, लंडनला पोस्टानं पाठवायच्या. मागच्या सीडीत लिफ्टची घरघर आली, तर बाहियातल्या पोरांनी चालवलेल्या रेडिओ केंद्रानं ती 'सॉरी' म्हणून परत केली होती. म्हणून या वेळी कुणी खोकायचंही नाही असा नादेजचा हुकूम होता.

"क्रिक म्हणजे काय गं?" प्रतिमानं हळूच विचारलं.

"सांगणारा विचारतो, क्रिक? म्हणजे, सांगू का? ऐकणारे ओरडतात, क्रॅक! म्हणजे, सांग. पण ते मी नंतर कॉम्प्युटरवर टाकणार आहे, मिस प्रतिमा. एकदम क्लीन. तिला किती वेळा सांगितलं!"

"मग गोष्टही नंतरच सांगते," आजी म्हणाल्या.

बाहेर सोफ्यावर बसलेला प्रतिमाचा नवरा प्रसाद हसायला लागला. "नादेज, आमच्याकडे हेच चालतं! श्रावणात ही दर रविवारी कहाणी सांगते. मी हातात तांदूळ घेऊन हूं हूं करायचं. एक हूं राहिलं की पुन्हा पहिल्यापासून. उपास हिचा, जेवण माझं लांबतं."

"अहो, हळू." प्रतिमाला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. ती नादेजपाशी खाली बसली. "ऐकणारा नसेल तर आम्ही कहाणी सुरूच करत नाही. नेमच आहे तसा. आणि मागून जोडलेलं हूं नाही गं चालत. सांगणाऱ्याला ते तेव्हाच लागतं."

"नादेज, नो," एबो म्हणाला. "सगळे ओरडले तर आवाज फाटेल. बाहियावाले परत पाठवतील."

नादेजनं आजीकडे पाहिलं. उद्यापासून आजी मायामीला काकाकडे राहणार होती, कायमची. मग तिनं एबोच्या कानांवरचे हेडफोन काढून घेतले.

"फाटू दे. त्यांनी परत पाठवली तर मी पुन्हा पाठवीन. पुन्हा परत आली तर पुन्हा. मिस्टर प्रसाद, आत या. माणसं हवीत."

पाचजण त्या कपाटात कसेबसे मावले. प्रसादच्या नाकावर पैठणीचा पदर येत होता. नादेजनं लाल बटण दाबलं.

"क्रिक?"

"क्रॅक," सगळे पुटपुटले.

"जेवला नाहीत का कुणी?" आजींनी डोळे वटारले. "क्रिक?"

"क्रॅक!"

यंत्रावरचा, आवाज फाटला की लागणारा लाल दिवा दचकून पेटला, आणि आजी सांगू लागल्या. पाठीवर ढोल घेऊन समुद्रात निघालेल्या कासवाची गोष्ट. प्रत्येक किनाऱ्याला लागलं की ते ढोलावर थाप मारायचं, इथं आपलं कुणी आहे का म्हणून. प्रत्येक किनाऱ्यावर आजी थांबायच्या, विचारायच्या, आणि चौघं ओरडायचे. आधी दिव्यावरची नजर न काढणारा एबो शेवटी शेवटी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. प्रतिमाचाही आवाज एकदा इतका चढला, की प्रसाद वळून बघतच राहिला.

गोष्ट संपली. नादेजनं बटणाकडे हात नेला. आजींनी तिचं मनगट धरलं.

"हे कुठं कुठं जाणार म्हणालीस?"

"अक्रा, बाहिया, लंडन..."

"मग त्यांना कुठं विचारलं आपण?"

आजी माइकपाशी वाकल्या. दुसऱ्या हातानं त्यांनी चौघांना गप्प बसायची खूण केली.

"क्रिक?"

प्रसादनं तोंड उघडलं होतं. प्रतिमानं त्याचा हात दाबला. आजींचं लक्ष कपाटातल्या कुणाकडेच नव्हतं. त्यांनी मान कलती करून कान माइकजवळ नेला होता. यंत्रावरचे सेकंदांचे आकडे पुढे पुढे सरकत होते. ते थांबवायला कुणीही हात लावला नाही.