दानाला लावलेला कॉम्प्युटर

म्हाताऱ्या घड्याळजींनी आपला रडतखडत चालणारा कॉम्प्युटर इंटरनेटवरून शास्त्रज्ञांच्या कामाला फुकट लावला. एक मोठं गणित घरोघरच्या कॉम्प्युटरांना तुकड्यातुकड्यांनी वाटलं होतं. त्यातला एक तुकडा त्यांच्या वाट्याला आला.

"उभ्या जन्मात घरात इकडची काडी तिकडे केली नाही," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि आता जगाचं…"

त्यांनी चिडून पडद्यावरचं 'थांबवा' दाबलं. तिचा आवाज तुटला. बघतात तर हातात कप धरून ती थिजलेली. चहाची वाफ मात्र वर जात होती. घाबरून त्यांनी 'चालू करा' दाबलं.

"…ओझं उचलताय!" ती म्हणाली. तिला काहीच कळलं नव्हतं.

मग त्यांना चटकच लागली. टोमणा सुरू झाला की बटण दाबायचं आणि निवांत पेपर वाचायचा.

एकदा ती म्हणाली, "अहो, मी गेल्यावर तुम्हाला…"

त्यांनी तिला थांबवलं आणि मजेत फिरायला गेले. परतले तेव्हा पडद्यावर मजकूर होता : 'तुमचं यंत्र फार संथ आहे. काम दुसऱ्या घरच्या यंत्राला दिलं आहे.'

त्यांनी 'चालू करा' दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं. बायको तशीच उभी होती, तोंड उघडं ठेवून.

"…कोण विचारणार आहे?"

आवाज तिचाच होता. तो भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातून आला, आणि तिथे कुणीतरी खळखळून हसलं.