बनुबाईचा हात

बाळाचा डावा पाय हलत नव्हता. लंगोट बदलायला गेलं की पोर टाहो फोडायचं, आणि सगळ्या घराचा राग बनुबाईवर. मालिश तीच करायची ना!

कराडच्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या टेबलापाशी तिची सून प्रियदर्शनी बाळाला धरून होती. बनुबाई दाराशीच थांबली.

"आवं डाक्टरीणबाई, पाय उतरला असंल तर मी चोळून बसवते की," ती म्हणाली.

"पुरे झालं चोळणं, आत्या!" प्रियदर्शनी सासूला फाडकन बोलली. "लंगडं केलंसा माझं पोर."

गावातली निम्मी पोरं बनुबाईच्या पायांवर न्हाली होती, कुणाला कधी काही झालं नव्हतं. पण खरं सांगायचं तर आता तिलाच आपल्या हाताची भीती वाटायला लागली होती.

डॉक्टर मुबश्शिरा भांडणात पडल्या नाहीत. त्यांनी आधी बाळाच्या उजव्या खुब्यावर मशीन टेकवलं, मग डाव्यावर. पडद्यावर डाव्या सांध्यात काळा फुगवटा उठला. उजवीकडं तसलं काहीच नव्हतं.

"हाड जागेवर हाय," त्या म्हणाल्या. "सांध्यात पू झालाय. जंतू रक्तातनं तिथं गेलेत. रक्ताचा रिपोर्टही तेच सांगतोय. मालिशीचा काय संबंध न्हाई. पण आता चोळला असता, तर मात्र खुबा गेला असता."

"मग पाय ऱ्हाईल नव्हं?" बनुबाईनं विचारलं.

"ऱ्हाईल की! वेळेत आलाय तुमी. तालमीत घाला पुढं." मुबश्शिरांनी हातमोजे चढवले. "आत्ताच सुईनं पू काढते. फक्त पाय घट्ट धरायला कुणीतरी पाहिजे."

सिस्टर पुढं झाली. प्रियदर्शनीनं तिला थांबवलं.

"आत्या धरतील," ती म्हणाली. "त्यांच्याकडं गप ऱ्हातंय ते."

"मग हात धुवून या, आजी," मुबश्शिरा म्हणाल्या.

बनुबाई नळाखाली गेली. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. परत साबण लावला, परत धुतले. पाणी वाहतंय, डोळे वाहतायत, आणि ही बाई आपली चोळतेच आहे, चोळतेच आहे.

शेवटी प्रियदर्शनीच आली आणि तिनं नळ बंद केला.

"बास की, आत्या. काय न्हाई तुमच्या हाताला. चला, धरा त्याला."