जिन्यावरचा कॅमेरा

"दादा, मी हक्क मागत होते. पडद्यावर मी भीक मागताना दिसते. वाक्य तेच, आवाज तोच. मग भीक आली कुठून?"

एकोणीस वर्षं ते पत्र कॅमेरामनच्या एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात खुणेसाठी फिरत होतं. उत्तरं त्याने पुष्कळ लिहिली, पेटीत टाकलं एकही नाही. पत्र लिहिणारी होती एका दृश्यापुरती नटी. कपडे धुण्याच्या कारखान्यातून काढून टाकलेली कामगार मालकाला म्हणते, "माझी जागा मला परत द्या." एवढंच काम. दिग्दर्शकाने कॅमेरा जिन्यावर चढवायला लावला. टेपचं टोक तिच्या डोळ्यांशी धरून कॅमेरामन अंतर मोजत होता, तेव्हा ती हळूच म्हणाली होती, "दादा, एवढ्या वरून?"

त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हातचं काम जाईल, ही धास्ती. तेव्हापासून मान डोलवायची सवय लागली ती लागलीच. सेटवर आता सगळे त्याला होयबाकाका म्हणत.

आज तोच सिनेमा नव्याने होत होता. दिग्दर्शक नवा, नटी नवी. वाक्य मात्र तेच.

"काका, जुन्यासारखंच करा," दिग्दर्शक म्हणाला. "कॅमेरा वर न्या. बाई मुंगीएवढी दिसू दे. लोकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं पाहिजे."

"नाही."

दिवेवाल्याने शिडीवरून वाकून विचारलं, "कोण बोललं?"

कॅमेरामनने कॅमेरा उतरवला, नटीच्या पायांपासून चार हातांवर फरशीवर ठेवला आणि त्यामागे पालथा पडला. गुडघे कुरकुरले.

"काका, उठा बघू. हा तुमचा शेवटचा सिनेमा ठरेल हं!"

"मग तो तरी धड होऊ द्या. वर न्यायचं तर मलाही उचलून न्या."

कोणीच पुढे आलं नाही. अखेर दिग्दर्शकाने हात झटकले. दृश्य सुरू झालं.

"माझी जागा मला परत द्या."

फरशीवरून बघताना नटीचं डोकं छताला भिडलं होतं. मालक झालेला नट, ठरलेलं नसताना, एक पाऊल मागे सरकला.

दिग्दर्शकाने ते दृश्य दोनदा पाहिलं. "हेच ठेवा," तो चरफडत म्हणाला. "आणि उद्यापासून दुसरा माणूस बोलवा."

कॅमेरामन कपडे झटकत बाहेर पडला. कोपऱ्यावरच्या टपाल कार्यालयात त्याने उभ्याउभ्या पत्र लिहिलं. कच्चं नाही, थेट पक्कं. मग ते पेटीत टाकलं आणि आत पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच थांबला.

पत्रात एवढंच होतं: "बाई, त्या दृश्यात भीक होतीच. जिन्यावरून ती मी मागत होतो."