चंचीतली गोळी

तातेरावला कापसात घेरी आली. कौसल्यानं त्याची बंडी सैल केली, तर चंचीत सुपारीच्या खांडाशेजारी चमकीएवढी पांढरी गोळी. नवऱ्यासंगं तीही तिनं दवाखान्यात आणली.

"कशाची हाय ही, साहेब?"

"सुटी गोळी नुसती पाहून कसं सांगू? यांनाच विचारा."

तातेराव ओशाळला. "बीपीची. मंठ्याहून आणतो. तू घोर लावून घेशील म्हणून बोललो न्हाई."

कौसल्याचा पदर तोंडाला गेला. "अवं, माझ्यावानी तुमचंबी डोकं ठणकायचं, अन् तुमी दवाखान्याचं नावच काढू देईनात, मंग म्या माझी बीपीची गोळी रोज तुमच्या वरणात कुटून घालून राह्यले!"

डॉक्टरांना घेरीचं कारण कळलं. त्यांनी तातेरावच्या दंडाला बीपीचा पट्टा लावला. त्यानं तो सोडून कौसल्याच्या दंडाशी धरला.

"आधी हिचं बघा. हिच्या पोटात एकबी गोळी न्हाई."