छप्पर अडखळतं तेव्हा

बेसबॉलच्या सामन्यातला शेवटचा गडी बाद झाला, घरचा संघ जिंकला आणि हजारो माणसांनी एकदम माना वर केल्या. संघ जिंकला की स्टेडियमचं छप्पर उघडायचं, ही इथली रीत.

कुसुनोकींनीही वर पाहिलं. सत्तावीस वर्षं हे छप्पर त्यांनीच उघडलं होतं, पण तळघरातल्या बंद खोलीत, यंत्रावरच्या एका काट्यावर नजर ठेवून. खुर्चीत बसून बघायची आजची पहिलीच वेळ. हिवाळ्यात सगळ्या स्टेडियमची दुरुस्ती झाली. नव्या खुर्च्या आल्या, मैदानावर नवं गवत आलं, छपराला नव्या मोटारी बसल्या आणि तळघरातली ती खोली काढून टाकली. कंपनीनं निरोपाच्या पत्रासोबत पहिल्या सामन्याचे दोन पास पाठवले होते. दुसरा कुणाला द्यावा, हे त्यांना आठवडाभर सुचलं नाही. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पलीकडच्या बाईंनी विचारून आपली पिशवी ठेवली होती.

छपरात फट पडली. दुपारचं ऊन खाली आलं. लोकांनी फोन उंचावले.

"आता अडखळेल," कुसुनोकी म्हणाले.

"काय म्हणालात, काका?" बाईंनी विचारलं.

"मधला भाग. निम्म्यावर आला की अडखळतो. तेव्हा वेग जरा कमी करावा लागतो. हातानं, अंदाजानं."

बाई वर बघत राहिल्या. कुसुनोकींची मूठ गुडघ्यावर आवळली गेली. मधला भाग निम्म्यावर आला आणि तसाच अलगद पुढे सरकत गेला.

"नाही हो अडखळलं," बाई हसल्या. "आता सगळं यंत्रच बघतं म्हणे."

"हो का. बरं झालं."

बाईंनी पिशवी उचलली. "येते हं."

अर्ध्या तासात स्टेडियम रिकामं झालं. झाडणारी बाई रांगेरांगेनं त्यांच्यापर्यंत आली.

"काका, सामना संपला की. घरी वाट बघत असतील."

"छप्पर बंद कधी करतात?"

"करतील आता. उद्या गाण्यांचा कार्यक्रम आहे. पण बंद होताना काय बघायचं त्यात? उघडताना बघितलंत ना?"

"बघितलं."

कुसुनोकी हलले नाहीत. बाईनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "बसा मग. पाय तेवढे वर घ्या."

त्यांनी पाय वर घेतले. ती झाडून पुढच्या रांगेत गेली.

छप्पर सरकू लागलं. ऊन मैदानावरून मागे हटलं, रिकाम्या खुर्च्यांवर चढलं, बारीक होत गेलं. मग वर, फार उंचावर, दोन कडा एकमेकींना टेकल्या आणि एक मऊ, खोल आवाज सगळ्या स्टेडियमभर घुमला. खालच्या खोलीत या वेळी फक्त हिरवा दिवा लागायचा. छप्पर मिटताना असा आवाज होतो, हे कुसुनोकींना सत्तावीस वर्षांत कळलं नव्हतं.