उलटी गाठ

खाडीच्या चिखलातून वर काढलेल्या त्या प्राचीन होडीवर सुलभा सारखं पाणी शिंपडत होती. लाकूड सुकलं की तडकलंच. फळ्या काथ्याने शिवलेल्या होत्या आणि प्रत्येक गाठ उलटी, डावखुऱ्या माणसाची. अशी गाठ फक्त तिचा भाऊ हरेश मारायचा. गेल्या वर्षी तो काळयंत्रातून मागे गेला, तो परतलाच नाही.

"त्याच्याच हातची ना, ताई?" काठावरून काळयंत्र चालवणाऱ्या कर्णिकसाहेबांनी विचारलं. "तसं असेल तर तो कुठल्या काळात गेला ते होडीच्या लाकडावरून कळेल. यंत्र तयार आहे. तो तिथे पोचला त्याच क्षणी जाऊन त्याला उचलून आणू. तिथला एक दिवसही त्याच्या आयुष्यात उरणार नाही."

ती हो म्हणणार, तोच तिची बोटं होडीच्या टोकाशी थबकली. तिथेही तीच उलटी गाठ होती, पण वाकडीतिकडी, सैल. बापाचं बघून कुणा चिमुकल्या हातांनी मारलेली.

सुलभाने त्या गाठीवर ओंजळभर चिखल थापला.

"नाही, साहेब. ही दुसऱ्याच कुणाची तरी आहे."